दुसऱ्या पायाचं माप

शेवटच्या दिवशी सकाळी आईंनी भिंगरीला वर्तमानपत्रावर उभं केलं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. भिंगरी माझी मुलगी, त्यांची एकुलती एक नात. लहानपणी सारखी गोल गोल फिरायची म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. स्वयंपाकघरात ओट्यासमोर कागद पसरलेला, त्यावर ही अनवाणी उभी, आणि आई बुटक्या स्टुलावर बसून वाकलेल्या, हातात पेन्सिल.

"सरळ उभी राहा. बगळ्यासारखी एका पायावर काय?"

"गुदगुल्या होतात आजी."

"होऊ देत. दोन्ही पायांवर सारखा भार टाक. उभं राहिलं की पाय पसरतो. बसून माप घेतलं तर पाय खोटं बोलतो."

डावा पाय काढून झाला. पेन्सिल अगदी उभी धरून, टाचेपासून निघून पुन्हा टाचेला. मग स्टूल उजवीकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "थांब गं, जरा दम घेते." आणि भिंतीला टेकल्या. मी तिथेच चहा गाळत होते. भिंगरी म्हणाली, "आजी, किती वेळ उभी करून ठेवणार?" उत्तर आलं नाही. मग तिने खाली बघितलं. मग मी बघितलं.

पेन्सिल हातातच होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, म्हणाले हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. मी म्हटलं, आईंना कळलं नाही असं आयुष्यात कधी झालं नाही हो. चहा तसाच राहिला ओट्यावर.

आता हे माप कशासाठी होतं ते सांगते, म्हणजे आमच्या आई काय चीज होत्या ते कळेल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलेलं आहे. चार मजली मोठ्या दुकानात लिफ्ट होती ना, जाळीच्या दाराची, पितळी हँडलची, त्या लिफ्टमध्ये निळा कोट घालून उभ्या असायच्या त्या. लिफ्टवाल्या बाई म्हणायचे सगळे. तळमजला भांडी, पहिला कापड, दुसरा मुलांचे कपडे, तिसरा पादत्राणं, चौथा ऑफिस. दार लावायचं, हँडल फिरवायचं, मजला आला की सांगायचं, दार उघडायचं. सोपं काम वाटतं. पण उभं राहून. लिफ्टमध्ये स्टूल ठेवलं तर गिऱ्हाइकाची जागा जाते, म्हणून स्टूल नाही. आणि पायात दुकानाचे बूट, काळे, चकचकीत, पुढून निमुळते आणि टाच उंच. कपड्यासारखेच बूटही युनिफॉर्मचे. दुसरे चालत नसत.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांचे पाय बघितले. कामावरून आल्या, दारातच बूट काढले आणि भिंतीला धरून आत आल्या. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, लालभडक, वर कातडी सोललेली. अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला. मी घाबरले. नवी सून, काय बोलणार? तरी तोंडातून गेलंच, "आई, हे काय झालं?"

त्या म्हणाल्या, "काही नाही. अंगठा शेजारणीकडे गप्पा मारायला गेलाय, परत येत नाही."

अशा होत्या. दुखणं एवढं आणि बोलणं असं.

उपाय काय काय केले होते म्हणून सांगू. कोणी म्हणालं थंडीने हाड वाढतं, तर मोजे घालून झोपायच्या. कोणी म्हणालं दगडाने घास, तर न्हाणीघरातल्या खडबडीत दगडाने घासून घासून रक्त काढलं. अंगठ्याला दोरा बांधून तो पलीकडे ओढून ठेवायचा प्रयोगही झाला, त्यात दोरा रुतला आणि अंगठा निळा पडला. आमचे हे म्हणाले, "आई, तू तुझा अंगठा चोरासारखा बांधून काय ठेवलायस!" यांच्याही पायाला तेच हाड आहे, थोडं कमी. आई यांना म्हणायच्या, "माझं नाक घेतलं असतंस तर देखणा झाला असतास. घेतलास तो पाय."

आणि खरी गंमत पुढेच आहे. आमच्या घरात बुटांचं माप काडीने घ्यायचे. सासऱ्यांची पद्धत. झाडूची काडी घ्यायची, ज्याच्या त्याच्या पायाएवढी मोडायची, प्रत्येकाच्या काडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा, आणि सगळ्या काड्यांची जुडी खिशात घालून एकट्याने बाजारात जायचं. सगळ्यांना नेलं तर गोंधळ होतो म्हणे. दुकानदार बुटात काडी घालून बघायचा, बसली की बूट पिशवीत. सासऱ्यांना त्या जुडीचा मोठा अभिमान होता. पाहुण्यांना दाखवायचे. त्यांच्या वडिलांनी पण तसंच केलं होतं.

दुकानाने आईंना बुटांचा नंबर विचारला तेव्हा तोही काडीवरूनच दिलेला. पुढे दुखायला लागल्यावर आई म्हणाल्या बूट लहान होतोय, मग एक नंबर मोठा मागून घेतला. तर आणखी दुखायला लागलं. मग त्याहून मोठा. आता टाचेत मागे जागा, पाय घसरून पुढे यायचा आणि निमुळत्या टोकात जाऊन कोंबला जायचा. मागे कापूस भरायच्या. मला म्हणायच्या, "बघ गं, बूट एवढा मोठा आणि पाय आत मावत नाही. माझा पाय आहे का हत्तीचा?"

मीच शेवटी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. यायला तयार नव्हत्या. "पायाच्या अंगठ्यासाठी डॉक्टर? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत, तुम्ही नाहीतरी दिवसभर लोकांना हसवताच."

तिथे एक डॉक्टरीण बाई होत्या, शांत, पाय हातात घेऊन बघणाऱ्या. पाय हातात घेतला तेव्हाच आई थोड्या विरघळल्या. बाईंनी अंगठा वर खाली करून बघितला, कुठे दुखतं विचारलं, चालायला लावलं. मग समजावून सांगितलं. म्हणाल्या, हे हाड नवीन उगवलेलं नाही. अंगठा शेजारच्या बोटांकडे झुकत जातो, तसा त्याचा सांधा बाहेर ढकलला जातो, आणि त्यावर बूट घासून सूज येते. पायाची ठेवण घराण्यातून येते, सांधे सैल असतील तर जास्त होतं. संधिवात असला तरी होतं. पण अरुंद बूट, उंच टाच आणि तासन् तास उभं राहणं यांनी ते वाढतं आणि दुखतं.

मग विचारलं, "बुटाचं माप कसं घेता?"

आई म्हणाल्या, "काडीने."

डॉक्टरीण बाईंना कळेना. आईंनी सगळं सांगितलं, जुडी, दोरे, सासरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काडीला लांबी कळते. तुमच्या पायाला रुंदी पाहिजे होती."

दवाखान्यातून निघालो तर रस्त्यात म्हणाल्या, "म्हणजे तीन पिढ्या आम्ही पायाची काडी करून चाललो?" आणि जे हसायला लागल्या ते घर येईपर्यंत. घरी जाऊन सासऱ्यांना सांगितलं, "तुमच्या जुडीला आता चूल दाखवा." सासरे दोन दिवस रुसले होते.

डॉक्टरीण बाईंनी सांगितलेलं सगळं त्या करायच्या. पुढून रुंद आणि खोल बूट, टाच बसकी, तळवा मऊ. आल्यावर कपड्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ लावायचा. घासतं तिथे मऊ गादीची पट्टी. बोटांच्या मध्ये ठेवायचा रबरी तुकडा. तो ठेवल्याने बरं वाटेल पण अंगठा सरळ होणार नाही, हेही बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आईंनी त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली नाही. पायाच्या बोटांनी फरशीवरचा टॉवेल गोळा करायचा व्यायाम. तो करताना म्हणायच्या, "बघा, म्हातारपणी पायाने घर आवरतेय." आणि ऑपरेशन असतं, पण बाकीच्याने भागलं नाही, चालणंच अवघड झालं तर. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी करून घेतलं, महिनाभर पाय टेकला नाही, आता छान चालतात. आईंना तशी वेळ आली नाही.

फक्त एक गोष्ट अडली. रुंद बूट दुकानात चालत नव्हते.

मॅनेजर साहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, सगळ्यांना एकच बूट. नियम वरून येतो." वरून म्हणजे चौथ्या मजल्यावरून, मालकांकडून. आणि ऑफिसात जाऊन मालकांना भेटायची सोय नव्हती, मॅनेजर साहेबांना विचारल्याशिवाय त्या दारातून कोणी आत जात नसे.

पण मालक चौथ्या मजल्यावर जायचे कसे? आईंच्या लिफ्टने. रोज सकाळी, एकटे.

आता ऐका. पहिल्या दिवशी आईंनी दार लावलं, हँडल फिरवलं आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या घरात पायाचं माप काडीने घ्यायचे." एवढंच. मालक म्हणाले, "काडीने?" आई म्हणाल्या, "चौथा मजला," आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनीच विचारलं, "काडीने कसं काय?" मग जुडी आणि दोरे. "चौथा मजला." तिसऱ्या दिवशी मोठ्या नंबरचा बूट आणि कापूस. "चौथा मजला." मधेच एकदा मॅनेजर साहेब बरोबर होते तर आई नुसत्या "नमस्कार साहेब" म्हणून समोर बघत उभ्या. मालक चुळबुळ करायला लागले. उतरताना हळूच म्हणाले, "उद्या सांगा."

मग डॉक्टरीण बाईंचा भाग आला. लिफ्ट चौथ्यावर पोचली, आईंनी दाराला हात घातला, तर मालक म्हणाले, "खाली घ्या परत. ऑफिस कुठे पळून जातंय?" तळमजल्यावर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं लिफ्ट बिघडली. वर गेली, खाली आली, दार उघडलंच नाही आणि पुन्हा वर गेली. आई हे सांगताना हाताने लिफ्ट करून दाखवायच्या, वर, खाली, वर. भिंगरी लहान होती तेव्हा झोपताना तिला हीच गोष्ट लागायची.

त्या दिवशी आईंच्या कोटाच्या खिशात कागद होता. स्वतःच्या पायाचा आकार, उभं राहून काढलेला, कापून घेतलेला. लिफ्टमध्येच त्यांनी एक बूट काढला आणि म्हणाल्या, "साहेब, हा माझा पाय आणि हा तुमचा बूट. घाला बरं याच्यात." मालकांनी कागद बुटात सरकवला. दोन्ही कडा वर आल्या, कागदाची होडी झाली. मालकांनी बाहेर काढला, परत घातला. परत होडी. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही यात दिवसभर उभ्या असता?" आई म्हणाल्या, "मीच नाही, खालच्या काउंटरवरच्या सगळ्या मुली."

चौथा मजला आला, मालक विचारात उतरले आणि निघून गेले. बूट हातात घेऊन! आईंचा एक बूट त्यांच्याकडेच राहिला. आता मागे धावत जाणार का? त्या दिवशी आईंनी एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी अशी लिफ्ट चालवली. गिऱ्हाईक खाली बघायचं आणि विचारायचं, "बाई, दुसरा बूट कुठे गेला?" आई मान ताठ ठेवून सांगायच्या, "मीटिंगला."

संध्याकाळी शिपाई बूट घेऊन आला. आणि पुढच्या आठवड्यात नोटीस लागली की बूट काळे आणि स्वच्छ असावेत, आकार ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे. शिवाय प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला. मॅनेजर साहेबांनी आईंना विचारलं, "तुम्ही मालकांना काय सांगितलंत?" आई म्हणाल्या, "मजले."

कापडाच्या, भांड्यांच्या, सगळ्या काउंटरवरच्या मुली आईंकडे माप काढायला यायच्या. संध्याकाळी काम संपल्यावर मागच्या खोलीत कागद पसरून आई बसायच्या. दोन्ही पाय काढायच्या, एक कधीच नाही. "दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचा बूट घे, लहान पाय बिचारा सांभाळून घेतो." माप संध्याकाळी घ्यावं असंही सांगायच्या, कारण दिवसभराने पाय सुजतो. त्या वर्षापासून त्या निवृत्त होईपर्यंत त्या दुकानातली कुठलीही मुलगी लंगडत घरी गेली नाही असं मी म्हणत नाही, पण बुटामुळे लंगडत गेली नाही. याचा मला अभिमान आहे. माझी सासू लिफ्ट चालवायची हे मी कधी खालच्या आवाजात सांगितलं नाही.

आणि आता भिंगरीची गोष्ट. तिला त्याच दुकानात अत्तराच्या काउंटरवर नोकरी लागली. लिफ्ट आता बटणाची आहे, आतमध्ये कोणी नसतं. आई इतक्या खूश झाल्या की शेजारी दोनदा सांगून आल्या. पण भिंगरीला तिथल्या मुली घालतात तसे टोकदार बूट हवे होते. आणि तिच्या अंगठ्याजवळ हाड दिसायला लागलंय, थोडंसं. आजीचंच.

रोज भांडण व्हायचं. भिंगरी म्हणायची, "आजी, आता कोणाची सक्ती नाही. मला आवडतात म्हणून घालणार."

"मग तर कमालच झाली. माझ्या पायात लोकांनी घातले. तू आपल्या हाताने घालणार."

"तुझ्यासारखं दिवसभर मला कुठे उभं राहायचंय? स्टूल आहे ना."

"आहे ना. ते कोणी आणलं?"

भिंगरी हसली, पण ऐकेना. शेवटी आई म्हणाल्या, "बरं. मी एकदा माप काढून देते. तुझ्या त्या टोकदार बुटात कागद सपाट बसला तर खुशाल घाल, मी शब्द बोलणार नाही. होडी झाली तर मी म्हणेन तो बूट." भिंगरीने हात पुढे केला, दोघींनी हातावर हात मारला. ते आदल्या संध्याकाळी. आईंना लगेच काढायचं होतं, पाय सुजलेला असतानाच. भिंगरी म्हणाली उद्या. म्हणून सकाळ.

त्यानंतरचे दिवस गेले. घरात माणसं आली, गेली. दुकानातल्या जुन्या मुली आल्या, आता त्याही आज्या झाल्यात, आणि सगळ्या रुंद बूट घालून आल्या होत्या. दारात त्यांच्या बुटांची रांग लागली होती. आमचे हे ती रांग बघत कितीतरी वेळ उभे होते.

नोकरीवर हजर व्हायचा दिवस जवळ आला तसं मला वाटायला लागलं, आता ही जाऊन टोकदार आणेल, आणि मी काय बोलणार, पोर आधीच रडून रडून अर्धी झालीय. ते वर्तमानपत्र मी घडी करून कपाटावर ठेवलं होतं. फेकवत नव्हतं.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. भिंगरी आली, तिने कपाटावरून कागद काढला, ओट्यासमोर पसरला, डावा पाय आजीच्या रेघेत बरोबर ठेवला आणि उजवा शेजारी.

"आई, पेन्सिल घे."

मी बसले. त्याच स्टुलावर. पेन्सिल अंगठ्याजवळ आली आणि तिरकी झाली, पायाखाली शिरली.

"उभी धर," भिंगरी म्हणाली. "तिरकी धरलीस तर पाय लहान येतो."

मी उभी धरली. टाचेपासून टाचेला. मग तिने दोन्ही आकार कापले आणि एकावर एक ठेवून बघितले. उजवा मोठा निघाला.

बुटांच्या दुकानात तिने आधी तेच मागितले, टोकदार, काळे, टाचेचे. तिने कागद आत सरकवला. होडी झाली. दुकानदार म्हणाला, "चामडं आहे, घालून घालून सैल होईल."

भिंगरी म्हणाली, "ते सैल होईपर्यंत माझं हाड बाहेर येईल. पुढून रुंद दाखवा. उजव्याच्या मापाचे."

तो आत गेला आणि खोके घेऊन आला. तिने कागद घातला. सपाट बसला. मग तिने बूट पायात घालून दुकानात एक फेरी मारली, आणि आतल्या आत बोटं हलवत उभी राहिली.

"आई, तुझी रेघ वाकडी आहे गं," ती म्हणाली.

"बूट नीट बसतोय ना?"

"बसतोय."

दुकानदाराने दोन्ही कागद उचलून टोपलीत टाकायला घेतले, तर तिने त्याच्या हातातून काढून घेतले आणि खोक्यात ठेवले.